वळणावरचा आडवा दगड

दगडांना आणि अवजारांना वाचा होती तेव्हाची ही गोष्ट. डोंगरावर सायकलींची शर्यत ठरली होती आणि भिवा ढेबे कुदळ घेऊन उताराची वाट नीट करत होता. त्याची मुलगी ठकू शर्यतीत उतरणार होती.

वळणावर भिवाच्या बापानं एक दगड आडवा रोवून ठेवला होता. कुदळीचा पहिला घाव बसताच दगड म्हणाला, "बाई गं, मी पाणी वाटेवरून बाजूला काढतो. मला उपटलंस तर ते वाटेनंच धावेल."

"रविवारी इथून सायकली धावणार आहेत," कुदळ फणकारली. "सगळ्यांच्या आड यायची खोडच आहे तुला."

बाजूला सायकल धरून उभी असलेली ठकू म्हणाली, "आबा, राहू दे त्याला. मी वरून उडी घेईन."

"पडशील बाये," भिवा म्हणाला आणि त्यानं दगड उपटून खाली दरीत ढकलून दिला. वाट तळहातासारखी गुळगुळीत झाली.

शनिवारी अवकाळी पाऊस कोसळला. पाणी सरळ वाटेनं धावलं आणि त्यानं वळणाखालची माती पोखरली. वरून मात्र वाट होती तशीच दिसत होती. रविवारी सगळ्यांच्या पुढे ठकू होती. ते वळण तिच्यासकट दरीत गेलं.

संध्याकाळी भिवानं त्याच कुदळीनं तिच्यासाठी खड्डा खणला. माती लोटल्यावर वर ठेवायला दगड हवा होता. भिवा दरीत उतरला आणि तोच दगड पाठीवर घेऊन आला.

कुदळीला मान वर करवेना.

"आता इथून तरी मला हलवू नकोस," दगड म्हणाला.