गडगड्या राक्षसाला पावा का आवडला?

एकदा काय झालं... सरका जरा, मला टेकू द्या. हं. एका डोंगराच्या पायथ्याला वेळूची वाडी नावाचं गाव होतं. तिथे राहायची हौसाक्का. एकटीच राहायची, पण कायम हसतमुख. घरामागे तिचं वेळूचं बेट होतं. त्यातला वेळू तोडायची, चिरायची, सुपं-टोपल्या विणायची. हात दुखले की पावा काढायची आणि वाजवत बसायची. कसा वाजवायची म्हणता? अरे, म्हशी चरायच्या थांबायच्या, बरं का!

त्या डोंगरावर एक राक्षस होता. गडगड्या त्याचं नाव. रांजणाएवढं पोट आणि परातीएवढे कान. एके दिवशी भर दुपारी हौसाक्काचा पावा त्या कानांत शिरला. आणि राक्षसाच्या छातीत गुदगुल्या व्हायला लागल्या! डोळ्यांना पाणी आलं. याआधी त्याला असं कधी झालंच नव्हतं. तो घाबरला. त्याला वाटलं, मेलो! आपल्याला काहीतरी रोग झाला!

मग तो धाडधाड खाली उतरला आणि हौसाक्काच्या अंगणात येऊन ओरडला, "ए बाई, काय केलंस मला? छातीत गोड गोड होतंय. का होतंय ते सांग. तीन दिवस देतो. नाही सांगितलंस, तर तुझं अख्खं बेट उसासारखं चावून खाईन!"

बेट गेलं तर हौसाक्काने काय करायचं? तिने पदराने कपाळ पुसलं. म्हणाली, "अरे बाबा, वेळू चांगला आहे, म्हणून गोड वाजतो."

मग राक्षसाने त्याच वेळूचं उरलेलं कांड उचललं आणि तोंडाला लावून फुंकलं. फुर्रर्र! रेडा शिंकल्यासारखं.

"खोटं!" राक्षस म्हणाला. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी हौसाक्काने जोशीबुवांना बोलावलं. गावातले सगळ्यात शहाणे ते. बुवांनी दोरी आणली, पाव्याची भोकं मोजली, डोळे मिटले, उघडले. म्हणाले, "सोपं आहे. भोकं नेमक्या अंतरावर आहेत. सूर गोड लागणारच!"

राक्षस आला. त्याने कालच्या कांडाला तेवढ्याच अंतरावर नखाने भोकं पाडली आणि अगदी हळू फुंकलं. आणि काय सांगू, या खेपेला सूर बरोब्बर निघाले! बुवा खूश. पण राक्षसाचं तोंड रडवेलं झालं.

"सूर आहेत हो. पण माझ्या गुदगुल्या कुठे आहेत?"

बुवांनी दोरी गुंडाळली आणि हळूच सटकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव हौसाक्काकडे जमलं. एक म्हणाला, ती सूर लांबवते, म्हणून गोड. दुसरी म्हणाली, छे, मध्येच थांबते, म्हणून गोड. भाऊ पैलवान म्हणाला, "गोड कुठला? मला ढोल आवडतो!" मग असं भांडण लागलं, असं भांडण लागलं, की दुपार कधी झाली कळलंच नाही. डोंगरावरून धाडधाड ऐकू आलं, तशी सगळी मंडळी पळाली.

अंगणात हौसाक्का एकटी राहिली. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने कोयता घेतला आणि वेळू चिरायला बसली.

राक्षस समोर आला. "सांग."

हौसाक्का खरं तेच बोलली. "मला नाही सांगता येत रे. रोज वाजवते, पण का गोड लागतं, कुणाला ठाऊक! खायचं तर खा बेट. एवढं सूप मात्र पुरं करू दे मला."

आणि तिने कोयत्यावर जोर दिला. चर्रर्र... टक्! वेळू फाटला.

राक्षस जागच्या जागी थांबला. त्याचे कान ताठ झाले. "आहाहा! पुन्हा कर!"

चर्रर्र... टक्!

"अगं आई गं! हे तर पाव्याहून गोड!"

हौसाक्काचे तर त्या आवाजाने दात शिवशिवायचे. "ह्यात रे काय गोड?"

"अगं, ऐक ना! ते चर्र होतं, आणि मग ते टक् होतं..."

"होऊ दे. पण गोड का लागतं?"

राक्षसाने डोकं खाजवलं. पोट खाजवलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. शेवटी चिडून पाय आपटला. "गोड लागतं म्हणून गोड लागतं! आता ते कसं सांगू?"

हौसाक्का खुदकन हसली. "मग मी तरी कसं सांगू?"

राक्षसाने हळूच विचारलं, "म्हणजे... मी आजारी नाही?"

"नाही रे वेड्या! तुला आवडलंय!"

मग राक्षस असा हसला, असा हसला, की झाडावरचे कच्चे आंबे पडले आणि पळालेली माणसं परत आली.

त्या दिवसापासून गडगड्या रोज यायचा. तो नखांनी वेळू चिरायचा, हौसाक्का पावा वाजवायची. भाऊ पैलवान ढोल घेऊन यायचा. जोशीबुवा कानात कापूस घालून यायचे, पण यायचे हं! कधी एखादी चाल राक्षसाला आवडायची नाही. तो तोंड वाकडं करायचा. हौसाक्का म्हणायची, "नाही ना आवडली? बरं, मग ही ऐक."

आणि ती दुसरी वाजवायची.

अशी ती सगळी मजेत राहिली. झोपा आता, बाळांनो. हुंकार कोण देतंय अजून? कुणीच नाही? बरं झालं.