हाताची घडी

“मग किल्ली मला कधी देणार, बाई?”

हृषीने हे सगळ्या मुलांदेखत विचारलं. हृषीकेश केरकर, कला महाविद्यालयाचा सुवर्णपदकवाला. ओळख झाल्यापासून पाच मिनिटांत पदकाचा विषय निघाला नाही, तर तो हृषी नव्हे.

गावसबाई फणसाखाली माती मळत बसल्या होत्या. त्यांच्या कमरेला एक किल्ली लटकत होती. सावंतवाडीकडच्या त्या डोंगरपायथ्याची कौलारू शाळा त्या किल्लीने उघडायची. दर मे महिन्यात सहावी-सातवीची मुलं तिथे येत, रानात हिंडत, कोपरापर्यंत मातीत हात घालत. बाईंचे गुडघे आता कुरकुरत होते, आणि हे त्यांचं शेवटचं शिबिर होतं. पुढच्या वर्षी किल्ली कुणाकडे जाणार, या एका विचाराने त्यांच्या मदतीला आलेल्या हृषीची झोप उडाली होती.

“कोकीळ उत्तर देईल तेव्हा,” बाई म्हणाल्या.

तिथली रीतच होती ती. प्रत्येक मुलाने मातीची शिट्टी करायची. शेवटच्या दिवशी फणसाखाली उभं राहून ती वाजवायची. झाडावरच्या कोकिळाने ओ दिली की शिबिर पार पडलं. मग आईवडिलांसमोर भट्टी लावायची.

“पण कोकिळाचा आणि किल्लीचा काय संबंध?”

बाईंनी मातीतला खडा काढून बाजूला टाकला…

दुपारी मुलं बाईंबरोबर ओहोळावर रंगाचे दगड वेचायला गेली. हृषी एकटाच मागे राहिला. पडवीतल्या फळीवर ओलसर शिट्ट्या ओळीने मांडल्या होत्या. एक बटाट्यासारखी होती, एक पायाखाली आलेल्या उंदरासारखी. बांद्याच्या नफिसाची शिट्टी नेमकी काय आहे, हे तिला तरी सांगता आलं असतं की नाही कुणास ठाऊक.

आज शेवटचा दिवस, संध्याकाळी पालक येणार. हे बघून ते काय म्हणतील? आणि बाई काय म्हणतील?

हृषीला राहवेना. त्याने ओलं फडकं घेतलं, कोरणी घेतली, आणि एकेक शिट्टी हातात घेत गेला. बोटांचे ठसे पुसले. वाकडी पोटं सरळ केली. खडबडीत कडा गुळगुळीत करून टाकल्या. काम मनापासून केलं, हे मान्य करायला हवं. फळी अशी दिसू लागली की दुकानात मांडावी.

मुलं परत आली. फळीपुढे उभी राहिली. कुणी हात पुढे करेना.

“सर, माझी कुठाय?”

“ही तुझी. छान दिसतेय ना?”

नफिसाने ती ओठांना लावली.

फुस्स…

दुसऱ्याने फुंकली. फुस्स. तिसऱ्याने गाल फुगवले, डोळे बाहेर आले, तरी फुस्स. हृषीने स्वतः फुंकून पाहिली. त्याचं तोंड लालबुंद झालं, शिट्टी मात्र मुकीच राहिली.

मुलांची तोंडं एवढीशी झाली. काल याच शिट्ट्यांनी त्यांनी शाळा डोक्यावर घेतली होती.

“मी… मी फक्त जरा नीट केल्या,” हृषी पुटपुटला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. फडकं उचलून तो पुन्हा फळीकडे वळला. “थांबा, मी करून देतो. आत्ता देतो…”

“हृषी.”

बाई दारात उभ्या होत्या.

“बाई, अर्धा तास द्या मला, मी—”

“हाताची घडी.”

हृषीने फडकं खाली ठेवलं.

“तोंडावर बोट.”

मुलं फिसकन हसली. सुवर्णपदकवाले सर पायरीवर बसले, पहिलीतल्या पोरासारखे, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून.

बाईंनी फळी उचलली, मुलांच्या मधोमध ठेवली आणि आपण जाऊन फणसाला टेकल्या. डोळेही मिटून घेतले.

मुलांनी शिट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. एकाने भोक मोठं केलं. एकीची शिट्टी फुटली, तिने दोन शिव्या गिळल्या आणि नवी माती घेतली. हृषीला सगळं दिसत होतं. चूक कुठे आहे, ते आता त्याला ठाऊकही होतं. बोटाखाली ओठ शिवशिवत होते. त्याने दात घट्ट आवळले.

“अगो, हय बघ!” नफिसा एकदम ओरडली. “ही कड बोथट झाली. वारो कापताच नाय!”

तिने बांबूची कामटी घेतली आणि गुळगुळीत कड खरवडून धारदार केली. शिट्टी पुन्हा वेडीवाकडी झाली. तिने डोळे मिटून फुंकली.

कुऽऽहू.

सगळ्यांनी माना वर केल्या. फणसात काही हललं नाही…

मग वरून, अगदी शेंड्यावरून, चिडल्यासारखं उत्तर आलं.

कुऽऽहू!

नफिसाने आवाज चढवला. कोकिळाने त्याच्यावर चढवला. तोवर सगळ्यांच्या कामट्या चालू झाल्या होत्या. एक शिट्टी बोलली, दुसरी बोलली, मग कुणाची कुठली तेच कळेना. पालकांची जीप वळणावर आली तेव्हा सगळा डोंगर कुहूकुहू करत होता. आया जीपमधून उतरल्या आणि आपापल्या पोराची शिट्टी वाजवायला मागू लागल्या. बटाटा की उंदीर, हे एकीनेही विचारलं नाही.

हृषी पायरीवरच होता. घडी तशीच, बोट तसंच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बोटाआडून तो हसत होता. पदक मिळालं त्या दिवशीही त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

बाई हळूहळू त्याच्यासमोर आल्या. कमरेची गाठ सोडली.

हृषीने तोंडावरचं बोट जरासं बाजूला केलं.

“बाई… आता हात सोडू?”

“किल्ली घेण्यापुरते सोड.”