देवाचं तपेलं

“पुनव होऊ दे, मग तिला माहेरी पोचवून टाकते. पायगुणच तसा, त्याला कोण काय करणार!”

फार फार मागे, गावांना अजून नावंही पडली नव्हती अशा काळी, एका राज्यातल्या राजवैद्याच्या बायकोने देवळातल्या गुरविणीला हे सांगितलं. अगदी हळू आवाजात सांगितलं, म्हणजे परसदारापर्यंतच ऐकू जाईल एवढ्या. आणि परसदारी तिची नवी सून चिंच कोळत बसली होती.

सुनेने चिंच कोळणं थांबवलं नाही. थांबवलं असतं, तर तिने ऐकलं हे कळलं असतं.

“पोरगी गरीब दिसते हो पण,” गुरवीण म्हणाली.

“गरीब की काय ते तोंड उघडेल तेव्हा कळेल ना! आली तशी मुकी. आणि ती आली तेव्हापासून आमच्याकडून औषध नेलेला माणूस पोट धरून परत येतोय. इतक्या पिढ्यांत असं झालं नव्हतं बाई.”

“अगं बाई! मी कुणाला बोलायची नाही हो,” गुरवीण म्हणाली आणि घाईघाईने उठली. सांगायला बरीच घरं होती.

त्या घराण्याचं सगळं नाव एका तपेल्यावर उभं होतं. रुंद तोंडाचं, तांब्याचं, जुनं तपेलं. वैद्यांच्या कुणा पूर्वजाला ते देवाने दिलं, असं सगळे मानत. रोज सकाळी ते देवासमोर ठेवायचं, त्याला कुंकू लावायचं, वर फूल वाहायचं, आणि मग त्यात औषध करायचं. लोक लांबून येत. औषध घ्यायच्या आधी तपेल्याला हात जोडत.

नवी सून आली की तपेलं घासायचं काम तिच्याकडे येई. तशी रीतच होती. पहिल्याच दिवशी सासूने तिच्यासमोर चिंच, राख आणि तपेलं ठेवलं.

“बाहेरून आरशासारखं झालं पाहिजे,” सासू म्हणाली. मग आत डोकावली. “आणि हे आतलं पांढुरकंही काढ. माझ्या सासूने आळस केला, मीही केला. तू नको करूस. आत-बाहेर सारखं लाल दिसू दे.”

सून चाचरली. “आत्याबाई, ही कल्हई तर नव्हे? आमच्याकडे आई...”

“कल्हई लागते डाळ-आमटीच्या भांड्यांना. देवाच्या तपेल्याला कसली गं कल्हई? त्याला भट्टीवर ठेवायचं की काय? तो मळ आहे मळ. आणि हे बघ, माहेरचं माहेरी.”

सुनेने माहेरचं माहेरी ठेवलं आणि घासायला बसली. काम ती मन लावून करी. आतलं पांढरं रोज थोडं थोडं निघत गेलं आणि खालचं तांबं लालभडक दिसू लागलं. सासू शेजारणींना बोलावून दाखवी. “बघा, आमच्या सुनेचा हात!” त्या दिवसांत पायगुणाबद्दल कुणी काही बोलत नव्हतं.

घासून झालं की सुनेच्या हातांना पैशाचा वास येई, खूप वेळ नाणी मुठीत धरल्यावर येतो तसा. कितीही धुतले तरी जात नसे. मग माणसं आजारी पडू लागली.

न बोलणाऱ्या माणसाला बघायला पुष्कळ वेळ मिळतो. सून दाराआडून बघत राही. मधातलं चाटण दगडी खलात होई, ते नेणारे बरे होत. तुपातलं औषध चिनी मातीच्या बरणीत असे, तेही बरे होत. ताकातलं औषध मात्र संध्याकाळी तपेल्यात घालून ठेवत आणि सकाळी देत. ते नेणारे पोट धरून परत येत.

सासऱ्यांना हे सांगावं असं तिच्या मनात फार वेळा आलं. पण ते रोग्याला म्हणायचे, “औषधात खोट नाही. मी स्वतः कुटलंय, आणि देवाच्या भांड्यात केलंय.” त्यापुढे बोलायला जागा नसे. नवरा डोंगरात मुळ्या आणायला गेलेला. आणि समजा तिचंच चुकत असलं तर? देवाच्या भांड्याला नावं ठेवणारी सून कुणाला हवी? मग ती पुनवेपर्यंतही राहिली नसती.

एका सकाळी वैद्यांच्या दाराशी पालखी उतरली. राजा स्वतः एका शिपायासह बरोबर चालत आला होता. पालखीत त्याची एकुलती एक लेक होती. लहानशी, वाळलेली, ओठ पांढरे पडलेले.

“वैद्यबुवा, पोटात काही टिकत नाही हिच्या,” राजा म्हणाला. “आता तुमचा आणि देवाचाच आधार.”

“तुमचा निरोप आला तेव्हाच ताकातलं औषध तपेल्यात घालून ठेवलंय महाराज. रात्रभर मुरलंय.”

सासूने सुनेचं मनगट धरून तिला आतल्या खोलीत नेलं. “इथून हलायचं नाही. तुझी सावलीसुद्धा त्या लेकरावर पडायला नको. हिला काही झालं, तर राजा या घराची वीट ठेवायचा नाही.”

सून दाराआड उभी राहिली. फटीतून तिला तपेलं दिसत होतं, त्यावरचं ताजं फूल दिसत होतं. वैद्यांनी फूल उचलून डोळ्यांना लावलं, मंत्र म्हटला आणि वाटी भरली. औषध हळदीने पिवळं दिसत होतं. वाटी मुलीच्या ओठांशी आली. मुलीने तोंड फिरवलं.

“बाबा, याला पैशाचा वास येतो.”

“औषधाला वास असतोच बाळा,” राजा म्हणाला. “डोळे मीट आणि पिऊन टाक.”

सुनेने आपला हात नाकाशी नेला. तोच वास!

एका बाजूला माहेरची वाट होती. दुसऱ्या बाजूला ती वाटी होती, आणि वाटी पुन्हा वर जात होती. शहाण्या मुलीने डोळे मिटले होते.

सून बाहेर आली.

“मागे हो!” सासू दातओठ खाऊन पुटपुटली. सून मागे झाली नाही. तिने वाटीवर आपला तळवा ठेवला आणि वाटी काढून घेतली. शिपायाचा हात तलवारीवर गेला.

“कोण ही?” राजाने विचारलं.

“आमची सून आहे महाराज,” सासूला रडूच फुटलं. “पायगुणाची वाईट. मी तिला कोंडायलाच हवं होतं!”

सुनेच्या ओठांवर शब्द आले, पण आवाज फुटेना. इतके दिवस गिळलेलं बोलणं असं एकदम वर येत नाही. मग तिने हातांनी जमेल ते केलं. तपेलं उचललं आणि सगळं औषध अंगणात ओतून दिलं.

वैद्यांच्या हातातलं फूल गळून पडलं. शिपायाने तिचा दंड धरला. तिने तपेलं सोडलं नाही. तसंच दोन्ही हातांनी उचलून सासऱ्यांसमोर धरलं, तोंड उन्हाकडे करून.

वैद्यांनी त्या तपेल्याला आयुष्यभर हात जोडले होते, पण आत असं कधी पाहिलं नव्हतं. आत उघडं तांबं होतं. कल्हईचा मागमूस नव्हता. आणि जिथवर ताक पोचलं होतं, तिथे सगळीकडून एक हिरवी रेघ उमटली होती.

त्यांनी त्या रेघेवर बोट फिरवलं. बोट हिरवं झालं.

“उघड्या तांब्यात आंबट ठेवलं की विष होतं,” ते म्हणाले. “हे मी शिष्यांना शिकवतो. पहिल्याच धड्यात.”

“हिने घासली! कल्हई हिनेच घासली!” सासू ओरडली. “सगळा गाव साक्षीला आहे!”

“आणि घासायला सांगितलं कुणी?” वैद्यांनी विचारलं.

सासूने पदर तोंडाला लावला.

राजाने शिपायाला हात सोडायला लावला. “मुली, माझी लेक आत्ता माझ्यासमोर विष पिणार होती. मला कुणाला तरी जाब विचारायचाय. तूच सांग, गुन्हा कुणाचा?”

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. राजाने कुणालाच शिक्षा केली नाही. मुलीला चिनी मातीच्या वाटीतून ताजं औषध दिलं, आणि ते तिच्या पोटात टिकलं. तपेलं कल्हईवाल्याच्या भट्टीवर गेलं. देव रागावला नाही, सासू मात्र चार दिवस रागावली होती. नंतर तिनेच गुरविणीला सांगितलं, “आमच्या सुनेचं बारीक लक्ष हो!” आणि त्या घरात नवी रीत पडली. सकाळी आधी तपेलं उन्हात धरून आतून बघायचं, मग कुंकू लावायचं. पुनवेला सून माहेरी गेलीच, पण सणाला, आणि परत न्यायला सासू स्वतः आली.

त्या सकाळी मात्र यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. राजा उभा होता, शिपाई उभा होता, सासू पदराआडून बघत होती. एक शब्द सासूकडे बोट दाखवायला पुरला असता. सुनेने तपेलं खाली ठेवलं. तिचा आवाज आधी फुटला नाही, मग फुटला तो सगळ्यांना ऐकू गेला.

“महाराज, घासायला आत्याबाईंनी सांगितलं, घासलं मी, आणि औषध घातलं मामंजींनी. तिघांचाही तपेल्यावर जीव होता, म्हणून तिघांनीही त्याला नुसते हात जोडले. त्यात मला दिसत होतं आणि मी गप्प राहिले, म्हणून माझा वाटा थोडा जास्त. आत्याबाई, मला माहेरी पाठवायचं तर पाठवा, पण आता बोलूनच जाते: पूजेने भांडं शुद्ध राहत नाही, रोज आत बघावं लागतं, आणि दिसलं ते वेळेवर बोलावं लागतं.”