जागेवरची गाठ

फार वर्षांपूर्वी एका नगरात एक रस्ता होता. नगर म्हटले की रस्ता असायचाच. पण हा रस्ता कधीच पुरा झालेला नव्हता. दोरवाल्यांच्या आळीतून निघून तो थेट बाजारात जाई. फरशीखाते त्यावर दगडी फरशी बसवी. ती बसते न बसते तोच नळखात्याचे लोक खापरी नळ घालायला ती उखडत. पुन्हा फरशी बसली की दिवेखात्याला आपल्या खांबांची आठवण होई.

"रस्ता झाला का हो?" असे एखाद्या परगावच्या माणसाने विचारले, तर लोक म्हणत, "झाला होता. परवा."

राजाच्या कानावर हे गेले तेव्हा त्याने एक नियम केला. ज्या खात्याला रस्ता खणायचा असेल त्याने आधी चिठ्ठी लिहावी. ती बाकीच्या दोन खात्यांकडे जावी. त्यांनी ती वाचून तीवर ‘पाहिले’ असा शेरा द्यावा. शेवटी नगराच्या चिटणिसाने ‘पाहिले’ लिहिले, की मगच कुदळ उचलावी.

नियम चांगला होता आणि सगळे तो पाळतही होते. चिठ्ठी आली की मुकादम ‘पाहिले’ लिही आणि पुढे पाठवी. चिठ्ठीत काय आहे, ते मात्र कोणी पाहत नसे.

एकटा चिटणीस पाहत असे. तो म्हातारा होता, फार शिकलेला होता. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. पण त्याला स्वतःचाच भरवसा वाटत नसे. बोलायच्या आधी तो दहा वेळा विचार करी, आणि दहाव्या विचारापर्यंत बोलायची वेळ निघून गेलेली असे. लोक त्याला विनयशील म्हणत. त्यालाही ते खरे वाटू लागले होते.

त्याच्या कचेरीसमोरून दर बाजारच्या दिवशी एक म्हातारी जाई. ती दोर वळून विकायची. लहानपणी देवी येऊन तिचे डोळे गेले होते. पण रस्ता तिच्या पायांना पाठ होता. तांबटाची ठकठक ऐकू आली की डावीकडे वळायचे, घाण्याच्या तेलाचा वास आला की बाजार आला. तिचा हात धरायला कोणी गेले, तर ती हात झटकी. "माझा मला रस्ता येतो," म्हणे. तिच्याजवळ मिरवायला तेवढी एकच गोष्ट होती.

फक्त बाजाराच्या आदल्या दिवशी ती कचेरीच्या पायरीशी थांबून विचारी, "पंत, रस्ता कसाय?" आणि चिटणीस सांगे तसे ती दुसऱ्या दिवशी जाई.

एकदा असे झाले की एकाच आठवड्यात तीन चिठ्ठ्या आल्या. पहिलीत लिहिले होते, फरशीचे काम सोमवारी पुरे होईल. दुसरीत होते, बुधवारी नळासाठी चर खणायचा. तिसरीत होते, शुक्रवारी खांबांचे खड्डे घ्यायचे. तिन्ही त्याच रस्त्याच्या. तिन्हींवर दोन-दोन ‘पाहिले’.

चिटणिसाने तिन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तो दचकला. सोमवारची फरशी बुधवारी उखडणार! आधी नळ, मग खांब आणि शेवटी फरशी असा क्रम लावला, तर एकदाच खणून भागेल.

त्याच वेळी नळखात्याचा मुकादम चिठ्ठी न्यायला आला.

"काय पंत, एवढं टक लावून काय बघताय? चिठ्ठीत चुकलंय का काही?"

"नाही, नाही. मी म्हटलं... फरशी आत्ताच बसते आहे ना?"

मुकादम हसला. "पंत, पहार कशी धरतात ते ठाऊक आहे का तुम्हांला?"

"नाही बुवा."

"मग झालं तर! चर आमचा, काळजी आमची. तुम्ही आपला शेरा द्या. तुमच्या अक्षरानं चिठ्ठीला शोभा येते."

चिटणिसाला वाटले, खरेच, आपल्याला काय कळते? ही कामाची माणसे. यांनी काहीतरी विचार केलाच असेल. त्याने बोरू शाईत बुडवला आणि तिन्ही चिठ्ठ्यांवर सुरेख अक्षरात लिहिले, ‘पाहिले’.

मंगळवारी म्हातारी पायरीशी आली. "पंत, उद्या बाजार. रस्ता कसाय?"

चिटणिसाच्या मनात अजून त्या चिठ्ठ्याच घोळत होत्या. जिभेवर सवयीचा शब्द होता. तो म्हणाला, "पाहिले आहे, बाई. फरशी नवीकोरी बसली आहे."

"तुम्ही पाहिलंय म्हणजे प्रश्नच मिटला," म्हातारी म्हणाली आणि खुशीत गेली.

बुधवारी सकाळी नळखात्याच्या माणसांनी चिठ्ठीप्रमाणे छातीइतका खोल चर खणला आणि न्याहारी करायला ती झाडाखाली जाऊन बसली. चराशी ना कोणी उभे होते, ना आडवी काठी होती. म्हातारी डोक्यावर दोरांचे भेंडोळे घेऊन निघाली. पायाखाली फरशी गुळगुळीत लागली, तेव्हा तिने काठी काखेत धरली आणि ती झपझप चालू लागली. तांबटाची ठकठक ऐकून ती डावीकडे वळली आणि तिच्या पायाखालचा रस्ता संपला.

लोकांनी तिला बाहेर काढले ते तिच्याच दोरांनी. मांडीचे हाड मोडले होते.

राजाने सर्वांना बोलावले. म्हातारीला बाजेवरून आणले.

फरशीच्या मुकादमाने चिठ्ठी दाखवली. "महाराज, नियमाप्रमाणे पाहिले आहे." नळाच्या मुकादमाने दाखवली. दिव्यांच्या मुकादमाने तर न पडलेल्या खड्ड्यांचीही दाखवली. प्रत्येक चिठ्ठीवर तीन-तीन शेरे होते. राजा गोंधळला. चूक कोणाचीच दिसेना.

तेवढ्यात कोणीतरी मागून म्हणाले, "महाराज, खरं सांगायचं तर दिसत नव्हतं ते तिलाच."

दोघेचौघे हसले. म्हातारीने मान खाली घातली, जणू चूक तिचीच होती.

ते चिटणिसाला पाहवेना. तो उठून उभा राहिला.

"महाराज, तिला दिसत नव्हते हे खरे. पण ‘पाहिले’ असे तिने कुठेही लिहिले नाही. ते आम्ही लिहिले. बाकीच्यांनी न पाहता लिहिले. मी तर पाहून लिहिले. तिन्ही चिठ्ठ्या माझ्यासमोर होत्या. बुधवारी चर पडणार हे मला ठाऊक होते. तिने मला विचारले, तेव्हासुद्धा ठाऊक होते."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटले, मला काय कळते."

"मग चिठ्ठीवर तसे लिहायचे होते," राजा म्हणाला. "‘कळले नाही’ असे. ‘पाहिले’ का लिहिलेत?"

चिटणिसाने आपल्याच अक्षरातला तो शेरा पुन्हा वाचला. ज्याला तो इतकी वर्षे विनय समजत होता, ती भीती होती. लोक हसतील ही भीती. आपले हसे होऊ नये म्हणून त्याने एका बाईला चरात जाऊ दिले होते.

राजा म्हातारीला म्हणाला, "आजीबाई, यांना काय शिक्षा करू ते तुम्हीच सांगा."

"शिक्षेनं माझा पाय थोडाच जुळणार," म्हातारी म्हणाली. "कागदातलं मला कळत नाही. मला दोरातलं कळतं. रस्ता खणायचा असेल, तर आधी त्या जागेभोवती दोर बांधावा. या तिघांनी आणि पंतांनी, चौघांनी जागेवर येऊन एकेक गाठ मारावी. चार गाठी असल्याशिवाय कुदळ उचलायची नाही, आणि चर बुजल्याशिवाय दोर सोडायचा नाही. कागद घरबसल्या येतो-जातो. गाठ मारायला मात्र माणसांची गाठ पडावी लागते."

राजाने तिथेच दोर मागवला. तिघा मुकादमांनी गाठी मारल्या. चिटणिसाने उभ्या जन्मात कधी दोर हाताळला नव्हता. त्याने कशीबशी एक गाठ मारली. म्हातारीने ती बोटांनी चाचपली आणि टोक ओढले. गाठ सुटली.

"ही सुरगाठ, पंत. दिसायला छान; ओढली की सुटते. निरगाठ मारा."

पुढल्या वेळी चौघे चराच्या जागेवर जमले, तेव्हा दोर हातात घेऊन ताटकळताना आपसांत बोलू लागले. "तुमचे नळ कधी?" "तुमचे खांब कुठे?" बोलता बोलता ठरले, की एकदाच खणायचे, नळ आणि खांब दोन्ही उरकायचे, आणि फरशी सर्वांत शेवटी. रस्ता पुरा झाला. तो झालेलाच राहिला.

म्हातारीचा पाय जुळला, पण वाकडा. तिला एकटीने बाजारात जाता येईना. पहिल्या बाजारी चिटणीस तिच्या दाराशी येऊन उभा राहिला. तिने त्याला तसेच उभे ठेवून हातातला दोर वळून संपवला. मग हात पुढे केला.

त्यानंतर दर बाजारी ती दोघे त्या रस्त्याने जाताना दिसत. मध्येच म्हातारी विचारी, "पंत, पुढं कसाय?"

रस्ता आता सपाट होता, हे चिटणिसाला पक्के ठाऊक असे. तरी तो थांबे, तिचा हात न सोडता दोन पावले पुढची फरशी वाकून बघे, आणि मगच बोले. लोक आता त्याला हसत. त्याला लाज वाटे, पण ती लोकांच्या हसण्याची नव्हे, त्या जुन्या ‘पाहिले’ची.

तात्पर्य: न पाहता ‘पाहिले’ म्हणणारा खोटा; पण पाहूनही गप्प राहणारा त्याहून अपराधी. शंका आली तर कागद पुढे ढकलू नये, माणसाची गाठ घ्यावी.