सशाची मर्यादवेल

एका समुद्रकिनारी, वाळूच्या टेकाडात बीळ करून एक ससा राहत असे. त्याच्या पायाला जणू भिंगरीच बांधलेली. बिळात दोन लहान पिल्ले होती आणि दर उधाणाला समुद्र टेकाडाची थोडी वाळू ओढून नेई. दारापुढे बाग केली तर वाळू धरून राहील, असे सशाला वाटले. त्याने गावातून झेंडूची रोपे पळवून आणली. खाऱ्या वाऱ्याने ती चार दिवसांत करपली. मग शेवंती आणली, तीही गेली.

शेवटी तो शेजारच्या खेकड्याकडे धावला. "खेकडेदादा, माझी पिल्लं वाहून जातील हो! काहीतरी सुचवा." खेकड्याने जांभळ्या फुलांच्या एका रानवेलीचे दोन तुकडे तोडले. "ही मर्यादवेल. खाऱ्या वाळूत वाढते आणि समुद्राला मर्यादा घालते, म्हणून तर हे नाव. एक तू लाव, एक मी लावतो. अमावास्येचं मोठं उधाण महिन्यावर आहे. तोवर हिला हात लावू नकोस."

आता हात लावू नकोस म्हटल्यावर ज्याचे हात शिवशिवत नाहीत असा कोण आहे, मुलांनो? दुसऱ्याच दिवशी सशाने वेल उपटली, मुळे फुटली का ते पाहिले आणि पुन्हा खोचली. तिसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी जागा बदलली, आठव्या दिवशी पुन्हा पहिल्या जागी आणली. धड खाणे नाही, धड झोप नाही, तोंडी एकच, "रुजली का? रुजली का?"

"अरे, विचारायला तिला वर काढतोस, मग ती रुजेल कधी?" खेकडा म्हणाला.

"तुमचं बरं आहे, मला पिल्लं आहेत," असे म्हणून सशाने वेल परत उकरली. खेकड्याची वेल मात्र हळूहळू पसरत होती, पेरापेराला मूळ धरत होती.

अमावास्येला भरदुपारी उधाण आले. पहिल्याच लाटेत सशाची वेल वाहून गेली, दुसऱ्या लाटेत बीळ ढासळले. पिल्लांना पुढे ढकलत ससा कसाबसा खेकड्याच्या वेलीमागे पोहोचला. तिथवर पाणी आले, पानांवर फेस टाकून परतले. वाळू जागची हलली नाही. पिल्ले वाचली, घर गेले.

ससा हुंदके देत म्हणाला, "मी हिच्यासाठी केवढा धावलो, दादा! तुम्ही तर काहीच केलं नाहीत."

"बाबा रे," खेकडा म्हणाला, "तेवढंच तर करायचं होतं."

तात्पर्य : रुजले का, हे पाहायला जो रोज उकरतो, त्याचे कधीच रुजत नाही.