रुईतली परी आणि तिसरी घागर

पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता जातो, अशा एका खडकाळ माळावर भिवरी राहत होती. घरात ती आणि तिचे आबा, दोघंच. आबा मालकाची मेंढरं राखत. पण गुडघे सुजले आणि त्यांनी खाट धरली. उद्या ते उठले नाहीत तर मालक दुसरा मेंढका बघणार होता. मग खायचं काय? भिवरी अगदी जेरीस आली होती.

त्या दुपारी रुईच्या जांभळ्या फुलातून करंगळीएवढी परी बाहेर आली. इवलेसे पंख चमचमत होते, कपाळावर मात्र आठ्या.

"एक इच्छा देईन," परी म्हणाली. "पण सूर्य बुडायच्या आत माझ्या मुळाशी तीन घागरी पाणी घाल. थेंबही कमी चालणार नाही."

विहीर टेकडीपलीकडे. पहिल्या खेपेला भिवरीच्या पायात काटा मोडला, दुसऱ्या खेपेला चुंबळ सुटली. परीला मनातल्या मनात नावं ठेवत ती तिसरी घागर घेऊन आली, तर रुईपाशी चंपी रडत उभी. भिवरीच्या फाटक्या परकराला रोज हसणारी तीच ही चंपी. शनिवारी मारुतीला माळ घालायची म्हणून ती पानं तोडत होती. हाताला पांढरा चीक लागला आणि त्याच हाताने तिने डोळ्यांवरचा घाम पुसला.

"भिवरे, डोळं लई जळत्यात गं."

सूर्य टेकडीला टेकला होता.

"आत्ताच यायचं व्हतं का गं तुला?" भिवरी करवादली. "वाकीव डोकं." आणि तिने सगळी घागर हळूहळू चंपीच्या डोळ्यांवर ओतली. आग थांबली, तशी चंपी आईकडे पळाली. भिवरी मटकन खाली बसली. इच्छा गेली होती.

"रुईला पाणी लागतं का कधी?" परी वैतागून म्हणाली. "खडकावर वाढते मी. तू पाणी कुणासाठी सांडतेस, ते बघायचं होतं."

"मग आधीच्या दोन घागरी कशापायी वाहायला लावल्यास?"

परीने उगाच पंखांवरची धूळ झटकली. "इच्छा माग," ती हळूच म्हणाली.

"आबांचं गुडघं बरं हुंदेत."

"मग माझी पानं ने. चीक पुसून टाक, तेल लाव, तव्यावर शेक आणि गुडघ्यांना बांध. हात धुवायला विसरू नकोस. बाकीचं मी बघते."

लख्ख उजेड झाला. त्यात परी विरून गेली आणि रुईच्या रेशमी म्हाताऱ्या सोनेरी होऊन उडत राहिल्या.

सकाळी आबा काठीशिवाय उठले आणि मेंढरं घेऊन निघाले. भिवरीने घागर उचलली, टेकडी ओलांडली आणि तिसरी घागर रुईच्या मुळाशी रिकामी केली.

"अगं, नको म्हटलं ना," फुलातून कुणीतरी कुरकुरलं.

"बोलले व्हते तीन, तर तीन," भिवरी म्हणाली.

आणि बघता बघता सगळी रुई फुलांनी भरून गेली.