ताटाच्या कडेचा खडा

एकदा एका व्यापाऱ्याची सून तांदूळ निवडायला बसली की उठेना. निवडून झालेले पुन्हा सुपात घ्यायची, मग तिसऱ्यांदा. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला तिच्या भातात खडा निघाला आणि सासऱ्यांची दाढ मोडली, तेव्हापासूनचे हे. घरात जेवायला उन्हे कलू लागली. शेवटी सासूने सांगून टाकले, "महिनाभर पाहते. नाहीतर माहेरी पोचवते, तिकडे निवडत बस."

घरच्यांनी गावच्या वृद्ध वैद्यांना निरोप दिला. त्यांनी आधी आपल्या शिष्याला धाडले. शिष्य मनाने चांगला. रोज तिचे सूप तपासून सांगायचा, "वहिनी, एकही खडा नाही. निश्चिंत राहा." ती निश्चिंत व्हायची, पण घटकाभरच. आठवड्याभरात ती पाचपाच वेळा निवडू लागली आणि दर वेळी त्याची साक्ष मागू लागली.

मग वैद्य स्वतः आले. अंगणातला एक बारीक खडा धुऊन त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला. "एकदा निवडलेस ना? आता हा आत टाक आणि तांदूळ वैर."

तिने खडा मुठीत आवळून धरला. "आजोबा, कुणाच्या दाताखाली आला तर?"

"हा भात मी एकटाच जेवणार आहे. आणि माझे दात उरलेत पाच. खड्याला ते शोधावे लागतील."

भात शिजेपर्यंत ती चुलीपाशी घामाघूम उभी होती. "भाऊजी, काही होणार नाही ना?" तिने दोनदा विचारले. शिष्य बोलणार, तोच वैद्यांनी त्याला नजरेनेच गप्प केले. भात निवू लागला, तसा तिचा श्वासही कुणी काही न करता संथ झाला.

वैद्य सावकाश जेवले. तिसऱ्या घासाला कचकन आवाज झाला. त्यांनी खडा ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाले, "आमटी वाढ, मुली."

परतताना शिष्य घुश्शातच होता. "गुरुजी, मी तिला धीर देत होतो. तुम्ही तर तिला भीती वाटते तेच करायला लावलेत."

"धीर तू भीतीला देत होतास," वैद्य म्हणाले. "फिरफिरून निवडल्यावर काही घडले नाही, की भीती म्हणे, 'बघ, माझे ऐकलेस म्हणून निभावले.' आज भीतीचे ऐकले नाही, खडाही निघाला, तरी जेवण पार पडले. हे सांगून पटत नाही, अनुभवावे लागते, आणि तेही एकदा नव्हे. तू रोज जा. तिने विचारले, तर म्हण, मला ठाऊक नाही."

शिष्य रोज गेला आणि जड जिभेने तेवढेच म्हणत राहिला. तिचे विचारणे कमी होत गेले.

महिना संपायच्या आत एके दिवशी, तो ओसरीवर असताना, सासूसुना जेवत होत्या. सुनेच्याच घासात खडा लागला. हा कुणी मुद्दाम टाकलेला नव्हता. सासूची मान वळली. सुनेचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. मग तिने खडा ताटाच्या कडेला ठेवला.

"सासूबाई, ताक वाढू?"

सासूने वाटी पुढे केली. अंगणात उन्हे अजून कलायची होती.